नल्लकुंट्याच्या व्हरांड्यात

लोक मला विचारतात, "सुलभाताई, इतके किस्से तुमच्याकडे येतात कुठून?"

अहो, कुठून काय! ज्याच्यावर कुणाची तरी वाट बघत बसायची पाळी येते ना, त्याच्याकडे किस्से आपोआप जमतात. रेशनच्या रांगेत जमतात, दवाखान्याच्या बाकावर जमतात. आम्ही तर वर्षानुवर्षं एकाच व्हरांड्यात बसलो. आता कुणी नुसतं "बरं आहे ना?" विचारलं, तरी मी दोन-तीन सांगून मोकळी होते!

व्हरांडा नल्लकुंट्याचा. तिथं एका जुन्या बंगल्यात आमच्या लोकांचं केंद्र होतं. 'आमचे लोक' म्हणजे आमच्या घरातली वयानं मोठी झालेली, पण एकटी सोडता न येणारी माणसं. आत ती मेणबत्त्या करायची, कागदी पिशव्या चिकटवायची, वेताच्या खुर्च्या विणायची. इतर दिवशी केंद्राची गाडी यायची. शनिवारी गाडीला सुट्टी. आपणच सोडायचं, आपणच न्यायचं. घरी जाऊन परत यायचं तर बस मिळेपर्यंत सुटायचीच वेळ व्हायची. म्हणून दुपारभर तिथंच बसायचं.

ते दिवस कसे होते आठवतंय ना? नव्वदीचे. हैदराबादेत रोज काहीतरी नवीन उघडत होतं. गल्लोगल्ली एसटीडी बूथ, घराघरांत केबल, प्रत्येक कोपऱ्यावर कॉम्प्युटर क्लास. ज्याला बघावं तो कुठंतरी निघालेला. आम्ही तेवढे बाकावर!

बाकावर कोण कोण? मी आणि माझा धाकटा भाऊ उल्हास. म्हणजे बाकावर मी, उल्हास आत. तिशी उलटली होती त्याची, पण मन सहा-सात वर्षांच्या पोराचं. डॉक्टर लोक त्याला एक शब्द वापरायचे, तो आमच्या घरात कुणी वापरला नाही. आई म्हणायची, "आमचा उल्हास निवांत आहे." आई गेली, मग त्याचा तो निवांतपणा माझ्याकडे आला.

दुसरे मोघेकाका. सिकंदराबादला रेल्वेत गार्ड होते, तेव्हा रिटायर झालेले. बायको कधीच वारली. मुलगा मिलिंद, डोक्यानं एकदम तल्लख, पण लहानपणापासून पाय गेलेले. हातानं चालवायची तीनचाकी सायकल होती त्याची.

तिसऱ्या रझियाआपा. त्यांची मुलगी शाहीन. जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून बोलत नाही, आणि डोळ्यांनाही अंधुक दिसायचं. सगळं जग ती हातानं चाचपून ओळखायची. आपांशी तिची हातवाऱ्यांची एक भाषा होती, त्या दोघींनाच कळणारी.

चौथी मेधा. ती नंतर आली. तिचं येईलच.

*

एकदा केंद्रात एक नवीन मॅडम आल्या. तरुण, सडपातळ, मानसशास्त्र शिकून आलेल्या. त्यांनी आम्हाला आतल्या खोलीत गोल करून बसवलं आणि म्हणाल्या, "आज तुमच्या मुलांबद्दल, भावांबद्दल बोलायचं नाही. आज फक्त तुमच्याबद्दल. तुम्ही कसे आहात?"

असं आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं हो! आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो.

मोघेकाकांनी सुरुवात केली. "मी मजेत. फक्त मिलिंदच्या पाठीला जरा..."

"नाही काका. मिलिंद नाही. तुम्ही."

"हां, हां. मी मजेत."

"झोप लागते का तुम्हाला?"

"लागते की! मिलिंदला लागली की मला लगेच लागते."

मॅडमनी डोक्याला हात लावला नाही, एवढंच. मग त्या आपांकडे वळल्या. "आपा, तुम्हाला आवडणारी एक गोष्ट सांगा. काहीही. आप को क्या अच्छा लगता?"

"मेरेकु?" आपा गोंधळल्या. "शाहीन को ना, फिरनी..."

"शाहीन नाही. तुम्हाला."

आपा विचार करायला लागल्या. बराच वेळ केला. शेवटी हात जोडून म्हणाल्या, "बीबी, पहले बोलना था ना! याद करके अगले हफ्ते बोलतूं."

आणि आपांनी खरंच आठवडाभर आठवलं! पुढच्या शनिवारी फाटकातून आत येता येता, बुरखा सावरत, ओरडूनच म्हणाल्या, "याद आया! जाम! कच्चे जाम, नमक लगाके, झाड पे चढ के!" जाम म्हणजे आपले पेरू. चेहरा असा फुललेला की मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं.

"किधर है वो बीबी?" त्या खोल्याखोल्यांतून शोधायला लागल्या.

बीबी कुठल्या असायला! मॅडमचं लग्न ठरलं होतं, मुलगा सॉफ्टवेअरमधला. त्या नोकरी सोडून गेल्या होत्या, लग्न करून अमेरिकेला जायच्या होत्या.

*

मेधा पुण्याची. नवरा प्रसाद कॉम्प्युटरच्या कंपनीत, त्याची नोकरी इथं म्हणून हिमायतनगरला बिऱ्हाड. प्रसादची थोरली बहीण माधवी त्यांच्याजवळच असायची. माधवीताईंना फिट यायच्या, हात थरथरायचा, बुद्धी बेताची. घास करून द्यावा लागायचा.

पहिल्या दिवशी मेधा अगदी कडेला, पर्स मांडीवर धरून बसली. मी म्हटलं, "कायको परेशान होतीस? आरामशीर बस की."

ती दचकली. "तुम्ही... मराठीच ना?"

मोघेकाका म्हणाले, "मराठीच! फक्त शेरवानी घातलेली."

तेव्हा जी हसली ती आमचीच झाली.

मेधाला एकच हौस होती. लग्न झाल्यापासून ती आणि प्रसाद दोघंच असे कुठं गेले नव्हते. तिनं तक्रार कधी केली नाही हां. पण आपांनी एकदा विचारलं, "नागार्जुनसागर देखे तुम?" तर हिचे डोळे भरून आले. नागार्जुनसागरसाठी कुणी रडतं का! पण भरून आले.

आम्ही ठरवलं, हिला पाठवायचीच. माधवीताई माझ्या घरी राहतील. मी, उल्हास, माधवीताई, मजेत राहू. मेधानं औषधं समजावून सांगितली, पुन्हा समजावून सांगितली, रिक्षात बसल्यावर उतरून येऊन पुन्हा समजावून सांगितली. प्रसाद रिक्षातून "अगं, चल आता!" करतोय.

गेली एकदाची. आणि वाटेत जिथं बूथ दिसेल तिथून फोन! माझ्याकडे फोन नव्हता, घरमालक रावगारूंच्या घरी यायचा. त्यांची सून जिन्यातून हाक मारून मारून दमली.

"सुलभाताई, ताई माझी आठवण काढतायत का हो?"

आता खरं सांगू? माधवीताई रावगारूंच्या केबलवर तेलुगू सिनेमा बघत होत्या. उल्हास शेजारी. दोघांना भाषा येत नाही, पण मारामारी आली की दोघं टाळ्या वाजवत होते. मेधाचं नावसुद्धा त्यांनी काढलं नव्हतं.

मी म्हटलं, "सारखी! सारखी काढतायत."

पलीकडे मेधानं असा सुस्कारा टाकला की विचारू नका.

एक दिवस आधीच परत आले दोघं. मी म्हटलं, "का गं? धरण आवडलं नाही?"

"आवडलं की. पण फार शांत होतं हो तिकडं."

प्रसाद बिचारा मागे बॅग धरून उभा. मी त्याला विचारलं, "काय प्रसादराव, झाली का मजा?"

तो म्हणाला, "काय सांगू! सकाळी हॉटेलात डोसे मागवले. ही बोलत होती, बोलता बोलता माझी प्लेट स्वतःकडे ओढली, डोशाचे बारीक बारीक तुकडे केले, फुंकर घातली आणि प्लेट माझ्यापुढं सरकवली. वर म्हणते, हळूहळू खा हं."

मेधानं तोंडाला पदर लावला. "अहो, चुकून झालं! सवय!"

"मग तुम्ही काय केलं?"

"खाल्ला की!" प्रसाद म्हणाला. "लग्नानंतर पहिल्यांदा मला कुणी इतक्या प्रेमानं वाढलं होतं!"

*

मिलिंदनं एकदा जाहीर केलं, "बाबा, मला एकट्यानं इराण्याकडे जाऊन चहा प्यायचाय. तुम्ही नक्को."

घरापासून नारायणगुड्याचं इराण्याचं हॉटेल फार लांब नव्हतं. पण रस्ता रहदारीचा. मोघेकाका व्हरांड्यात आम्हाला म्हणाले, "आता हा काय हट्ट! माझ्याबरोबर पितोच की चहा!"

आपा म्हणाल्या, "भाईसाब, मर्द बच्चा है. दोस्तां के साथ बैठना बोलता होएंगा."

"दोस्त कुठायत त्याला?"

"हॉटेल में बैठेंगा तो होएंगे ना!"

काकांनी परवानगी दिली. मिलिंद नवा शर्ट घालून, केसांना तेल लावून, तीनचाकी चालवत निघाला. काकांनी दारातून टाटा केला, दार लावलं, मागच्या दारानं बाहेर पडले आणि लपतछपत त्याच्या मागून चालायला लागले. पानपट्टीच्या आडून, बसथांब्याच्या मागून. रेल्वेतल्या गार्डाला काय, शेवटच्या डब्यातून गाडीकडं बघायची जन्माची सवय!

मिलिंद हॉटेलशी पोचला. पोऱ्यानं त्याची सायकल ओसरीला लावून घेतली. काका समोरच्या चिंचेच्या झाडामागं उभे. ऊन मी म्हणत होतं.

मिलिंद वेटरला म्हणाला, "दो चाय. एक मेरेकु. और एक वो झाड के पीछे जो साब खडे हैं ना, पसीना पोंछ रहे, उनकु. बिस्किट भी देना, भूके होंगे."

वेटर रस्ता ओलांडून बशीत कप घेऊन गेला, आणि काकांनी, रेल्वेच्या माणसानं, झाडामागं उभ्या उभ्याच चहा प्यायला! पुढं आले नाहीत. आम्हाला सांगताना म्हणाले, "कसा जाणार? एकट्यानं प्यायचा होता ना त्याला!"

*

पुढं मिलिंदला एसटीडी बूथ मिळाला. पिवळी पाटी, काचेची केबिन, लाल आकड्यांचं यंत्र. काउंटरमागं बसलेला मिलिंद बघितला तर त्याला पाय आहेत की नाहीत, कुणाला कळायचंही नाही. तो मला म्हणायचा, "अक्का, इथं बसून मी रोज दुबईला जाऊन येतो!"

माझी धाकटी बहीण रेखा अमेरिकेत. तिचा नवरा त्या पहिल्या पहिल्या कॉम्प्युटरवाल्यांपैकी. आधी ती रावगारूंकडे फोन करायची, पण त्यांचं अख्खं घर आमचं बोलणं ऐकत बसायचं. मग मी तिला मिलिंदच्या बूथचा नंबर दिला. रविवारी सकाळी मी आणि उल्हास जाऊन बसायचो. फोन आला की मिलिंद ओरडायचा, "अमेरिका! चला, अमेरिका!"

रेखा आधी माझ्याशी थोडं बोलायची, मग म्हणायची, "दादाला दे."

उल्हास केबिनमध्ये जायचा. दोन्ही हातांनी रिसीव्हर धरायचा, आणि एक अक्षर बोलायचा नाही! नुसती मान हलवायचा. वरखाली, वरखाली. चेहऱ्यावर हसू. बाहेर माणसं खोळंबलेली. एकदा एकजण वैतागून म्हणाला, "अरे, बात तो करता नै, खाली मुंडी हिला रा! निकालो उसकु बाहेर!"

मिलिंद त्याला म्हणाला, "भाई, इंटरनॅशनल मुंडी है. थोडा टाइम लगता."

त्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. मी केबिनमध्ये जाऊन उल्हासच्या हातातून फोन घेतला आणि म्हटलं, "रेखा, अगं, तो बोलत नाहीये. नुसती मान हलवतोय. तुला तिकडं काय कळणार?"

"माहितीये मला," रेखा म्हणाली. "म्हणून मी असंच विचारते, ज्याचं उत्तर 'हो' असेल."

"काय विचारतेस?"



"'दादा, तुला माझी आठवण येते का?' एवढंच विचारते, अक्का. पुन्हा पुन्हा."

*

आमच्या ऑफिसात विनायक म्हणून एकजण बदलून आले होते. सरळ माणूस. लग्न राहून गेलेलं. कुणाची आई आजारी, कुणाच्या बहिणींची लग्नं, तसलंच काहीतरी. मला त्यातलं समजत होतं.

एकदा कसलेसे कागद द्यायला घरी आले, तर उल्हासनं कॅरमबोर्ड मांडला होता. "खेळतो का?" त्यानं विचारलं. उल्हासला अहो-जाहो येत नाही. विनायक बूट काढून खाली मांडी घालून बसले.

मग दर रविवारी संध्याकाळी यायला लागले. उल्हास नियम मानत नाही. आवडती सोंगटी असली की हातानं उचलून भोकात टाकतो. विनायक म्हणायचे, "वा! काय शॉट!" मी चहा करायची. कधी कधी तेही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे. बोलायचो काहीतरी. ऑफिसातलं, पेपरातलं. उल्हास बाहेरच्या खोलीतून ओरडायचा, "तुझा डाव!" की ते हसून जायचे.

व्हरांड्यात सगळ्यांना वास लागला होता. आपा तर दर शनिवारी विचारायच्या, "क्या बोले?" मी म्हणायची, "काही नाही, क्वीन घेतली." मेधा म्हणायची, "सुलभाताई, तुम्हीच विचारा ना!"

एका रविवारी, पावडर टाकता टाकता, बोर्डावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "उल्हासचं पुढं काय ठरवलंय?"

मी म्हटलं, "पुढं म्हणजे? तो इथंच."

"हो. बरोबर आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी स्ट्रायकर मारला. सगळ्या सोंगट्या उधळल्या, एकही गेली नाही.

त्यानंतरही काही रविवार आले. मग त्यांची विशाखापट्टणला बदली झाली. जाताना उल्हासला नवा स्ट्रायकर देऊन गेले, हस्तिदंतासारखा दिसणारा, गुळगुळीत.

उल्हास रविवारी बोर्ड मांडून बसायचा. दाराकडं बघायचा. मी सांगायची, येणार नाहीत. तो म्हणायचा, "येईल." असं बरेच दिवस चाललं. शेवटी एका संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "अक्का, माझा मित्र का येत नाही?"

"त्यांची बदली झाली रे. लांब गेले ते."

तो माझ्याकडं बघत राहिला. जवळ आला, माझ्या गालाला बोट लावून बघितलं.

"मग तू का रडतीस?" तो म्हणाला. "मित्र तर माझा होता!"

*

आमच्यातल्या प्रत्येकाच्या मनात एक प्रार्थना असते. ती तोंडानं कुणी म्हणत नाही. मोघेकाकांनी एका शनिवारी म्हणून टाकली. शेंगा सोलत बसलो होतो आम्ही, काका एकदम म्हणाले, "माझं देवाकडं दुसरं काही मागणं नाही. मिलिंदपेक्षा मला एक दिवस जास्त दे, बस्स."

आमचे हात थांबले. मेधा खाली बघायला लागली. आपा पुटपुटल्या, "अल्ला..."

मिलिंद बूथ बंद करून वडिलांना न्यायला आला होता. हो, बूथ मिळाल्यावर मिलिंदचं केंद्र सुटलं, तरी काका शनिवारी सवयीनं बाकावर यायचेच, आणि आता त्यांना न्यायला तो यायला लागला होता! त्याची सायकल फाटकाशी कधी आली, कळलंच नाही. त्यानं ऐकलं.

"बाबा, आपल्या दोघांचे अर्ज उलटसुलट चाललेत वर," तो म्हणाला. "मी तर मागितलंय, तुमच्या तेराव्याला मला लाडू खायचेत. दाबून!"

मेधा म्हणाली, "मिलिंद! काय बोलतोस!"

पण काका! काका हसायला जे लागले, की टोपी पडली त्यांची. "गाढवा! बुंदीचे नक्को सांगू रे आचाऱ्याला. मोतीचूर सांग. बुंदीचे दाताला लागतात तुझ्या!"

ते दोघं हसत हसत गेले, आणि आमच्या मांडीवरच्या शेंगा तशाच राहिल्या.

काका काही वर्षांनी गेले. झोपेतच. मिलिंदनं सगळं व्यवस्थित केलं. बूथवरून त्यानं स्वतःच सगळ्यांना फोन करून कळवलं, आवाज कुठं हलू न देता. तेराव्याला जेवायला आम्ही सगळे होतो. इराण्याकडचे त्याचे दोस्त होते, बरेच होते. मोतीचुराचे लाडू होते. मिलिंद पंगतीत सायकल फिरवत आग्रह करत होता. "घ्या, घ्या! बाबांनी स्वतः सांगून ठेवलेत!" लोक हसत होते, डोळे पुसत होते, खात होते.

सगळ्यांचं झाल्यावर मी त्याचं ताट वाढलं. त्यानं लाडू उचलला. बाकी कशालाही हात लावला नाही. लाडू हातात धरून तो बसून राहिला.

*

आता हा एक सांगते आणि उठते. काका होते तेव्हाचाच.

रझियाआपांचा मुलगा सलीम जेद्दाहून लग्नासाठी आला. आम्हा सगळ्यांना बोलावणं. लग्नाआधी त्यांच्यात हळद असते, मांजा म्हणतात. दुपारी बायकांची बैठक. काका आणि मिलिंद बाहेर पुरुषांत, उल्हासही त्यांच्याबरोबर. आत मी, मेधा, माधवीताई, आणि आपांच्या घरच्या बायका पिवळ्या ओढण्या घेऊन. मधे ढोलक. एक पोरगी वाजवत होती, बाकीच्या लग्नाची गाणी म्हणत होत्या. नवरदेवाची, त्याच्या आईची, सगळ्यांची टिंगल चाललेली. शाहीन ढोलकच्या अंगाला तळहात लावून बसली होती. तिला तेवढाच ठेका कळायचा, आणि ती डोलत होती.

एक म्हातारी खाला होत्या, आपांची मावशी. त्या एकदम म्हणाल्या, "रझिया, अब तू गा."

"नक्को खाला."

"अगे, बेटे का मांजा है! आज भी नै गाती?"

मी आणि मेधा एकमेकींकडे बघायला लागलो. आपा गातात? इतकी वर्षं एका बाकावर बसलो, आम्हाला त्यांचं गुणगुणणंसुद्धा माहीत नव्हतं.

खाला माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "पूरे मोहल्ले में इसके जैसा गला नै था. लोगां शादी की तारीख इसकु पूछके रखते थे. ये बच्ची गोद में थी, डॉक्टर बोले, इसकु सुनाई नै देता. उस दिन से चुप."

आपांनी ऐकलं. ढोलकवालीकडं बघत, कुणालाच उद्देशून नाही, अशा आवाजात म्हणाल्या, "जिसकु सुनाना था, वोइच नै सुनती. फिर किसकु गाऊं मैं?"

ढोलक थांबली.

ढोलक थांबली तशी शाहीनला कळलं की काहीतरी झालंय. ती चाचपडत, बायकांच्या गुडघ्यांना हात लावत लावत, आईपाशी आली. समोर बसली. हात वर करून आईची हनुवटी शोधली आणि तळहात तिच्या गळ्यावर ठेवला.

आपांनी तो हात काढला. तिनं परत ठेवला.

आपांनी परत काढला. तिनं परत ठेवला, आणि या वेळी घट्ट.

मग आपांनी डोळे मिटले आणि सुरू केलं. लग्नाचंच एक गाणं, मघाचंच. पहिल्यांदा आवाज फाटला, खाकरल्या, परत सुरू केलं. आणि काय गळा होता हो! ढोलकवाली वाजवायची विसरली. माधवीताई उठून मेधाच्या कुशीत जाऊन बसल्या. एक कडवं झालं, दुसरं झालं.

शाहीननं मान हलवली. नाही.

आपा थांबल्या. मेधा माझ्या कानात म्हणाली, "तिला आवडलं नाही वाटतं."

शाहीननं आईच्या गळ्यावरचा हात काढला. दोन्ही हातांची झोळी केली, छातीशी धरली, आणि ती झोळी हळूहळू हलवायला लागली. या बाजूला, त्या बाजूला. मग तो हात परत आईच्या गळ्यावर.

आपांचा चेहरा पांढरा पडला. "ये नै कतें," त्या म्हणाल्या, म्हणजे हे नको म्हणतेय. "वो... वो वाली लोरी होना कतें." त्यांनी खालांचा हात धरला. "खाला, वो तो दूध पीती थी तब की है. उसके बाद कब्बी नै गाई मैं. किसी के सामने नै गाई. इसकु कैसे मालूम?"

"मग तिला कसं..." मेधा म्हणायला लागली.

"चुप!" खाला म्हणाल्या.

आपांनी अंगाई सुरू केली. अगदी हलक्या आवाजात, आम्हाला तर शब्दही कळत नव्हते. पहिल्याच ओळीला त्या एवढ्या मोठ्या मुलीनं, गळ्यावरचा हात तसाच ठेवून, आईच्या मांडीवर डोकं टेकलं आणि पाय पोटाशी घेतले.